पंक्तिप्रपंच

"त्रिशला, आपल्याकडे पाकिटं कोण भरतं?" डॉक्टर होसमनींनी विचारलं, आणि माझं डोकंच फिरलं.

चाचणीच्या औषधाची पाकिटं मिरजेत भरली जातच नाहीत. ती पुण्याहून यंत्रानं भरून, बंद होऊन येतात. त्यावर नुसता एक आकडा असतो. मी ती आकड्याप्रमाणे बायकांच्या हातात देते, बस. हे होसमनींना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी त्यांनी विचारलं, म्हणजे काहीतरी चांगलंच बिनसलं होतं.

"सर, संशय असेल तर तोंडावर बोला," मी म्हटलं. "आडून आडून नको."

"संशय नाही हो. कोडं आहे. हे बघा." आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

काय बिनसलं होतं ते सांगते, पण त्याआधी थोडं विज्ञान ऐकावं लागेल. फार नाही.

आपण जेवतो, त्यातली साखर रक्तात येते. तिचं काम मात्र पेशींच्या आत असतं. इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं, पेशी दार उघडते, साखर आत जाते. बैठं काम, पोटावरची चरबी, आईबापांकडून आलेली शरीराची ठेवण, अशा कारणांनी पेशी हळूहळू त्या थापेला दाद देईनाशी होते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणखी थापा. काही वर्षं हे असंच रेटत चालतं. तपासणीत साखर बरी दिसते, माणूस खूश असतो. आत यकृत मात्र जास्तीच्या साखरेची चरबी करत बसतं, कोलेस्टेरॉल बिघडतं, रक्तवाहिन्यांत थर चढतात. आणि एक दिवस स्वादुपिंड हात टेकतं.

कढीपत्त्याच्या पानात ती बहिरी पेशी पुन्हा ऐकती करणारं काही आहे, असं आमच्या संस्थेतल्या लोकांना दिसलं. पण एका झाडाचं पान दुसऱ्या झाडासारखं नसतं. माती बदलली, ऋतू बदलला की पानातली द्रव्यं बदलतात. आज लागू पडलेला पाला उद्या पडेलच असं नाही. म्हणून संस्थेनं एकच वाण निवडला, तो बंद खोलीत ठरावीक उजेडात वाढवला आणि त्याचा अर्क काढून प्रत्येक खेपेची ताकद यंत्रावर मोजली. टोपलीभर पाल्यातून चिमूटभर हिरवी पूड. सकाळी गरम पाण्यात टाकून प्यायची, रोजच्या गोळ्या चालू ठेवून.

आता ही पूड खरोखर काम करते, हे ठरवायचं कसं? निम्म्या लोकांना खरी पूड द्यायची, निम्म्यांना तशीच हिरवी, तशीच कडवट, पण खोटी. कोणाला काय मिळालं ते घेणाऱ्याला माहीत नाही, मला नाही, होसमनींना नाही. चिठ्ठ्या यंत्र काढतं आणि उत्तर कुलपात ठेवतं. प्रत्येकाच्या दंडावर एक चकती असते, टिकलीपेक्षा थोडी मोठी. ती दिवसभर साखर, इन्सुलिन, कोलेस्टेरॉल आणि रक्तात उतरलेल्या अर्काची खूण मोजत राहते. साखरेचा आकडा ज्याचा त्याला दिसतो. बाकी सगळं शेवटपर्यंत बंद. फक्त मध्यावर एकदा यंत्र एवढंच तपासतं, की सगळं सुरळीत आहे ना.

तर ते सुरळीत नव्हतं. बाकी गावांत निम्म्या लोकांच्या रक्तात खूण होती, निम्म्यांच्या नव्हती. आमच्या मिरजेतल्या बसवकृपा कॉलनीत मात्र ती सगळ्यांच्या रक्तात होती. आणि सगळ्यांच्या रक्तात निम्मीच.

"खोटं पाकीट घेणाऱ्यांच्या अंगात अर्क गेला कसा?" होसमनी म्हणाले.

 बसवकृपा कॉलनी म्हटल्यावर उत्तर कुठं शोधायचं ते मला कळलं होतं. तिथं माझी नणंद राहते.

माझी नणंद म्हणजे पद्मजा चौगुले, सगळ्या कॉलनीची पद्माक्का. एसटीत वाहक होती. निवृत्त झाली तरी आवाज अजून गाडीतलाच, हळू बोलली तरी मागच्या बाकापर्यंत पोचावा असा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर ही बाई एकटी कशाला चालेल? कॉलनीतल्या साखरवाल्या, कोलेस्टेरॉलवाल्या सगळ्या बायका तिनं गोळा केल्या आणि चालता-बोलता मंडळ काढलं. चालणं कमी, बोलणं जास्त. या चाचणीला माणसं मिळत नव्हती तेव्हा अक्कानंच अख्खं मंडळ माझ्यापुढं आणून उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता मी तिच्या दारात गेले. मंडळ फिरून येऊन व्हरांड्यात बसलं होतं. मध्ये शेगडीवर लग्नघरात असावं तसं मोठं पातेलं, त्यात हिरवं पाणी उकळत होतं. अक्का पळीनं पेले भरत होती, आणि बाजूला माझ्या आकडेवाल्या पाकिटांचा ढीग, सगळी फाडलेली.

"ये की गं, त्रिशला," अक्का म्हणाली. "काढा घेतेस? तुझी पण कंबर सुटायला लागलीय."

"अक्का, हे काय चाललंय?"

"काय चाललंय म्हणजे? औषध घेतोय."

"सगळ्यांचं एकत्र?"

"मग काय वेगळं?" अक्कानं पळी खाली ठेवली. "तूच सांगितलंस ना पहिल्या दिवशी, निम्म्या जणींना खरं आणि निम्म्या जणींना खोटं म्हणून? एका ओळीत बसवायचं, आणि एकीला औषध, दुसरीला गवताचं पाणी? असला पंक्तिप्रपंच माझ्या दारात चालायचा नाही. सगळं एकत्र ओतलं, सगळ्यांना सारखं वाढलं. कुणाच्या पोटात कमी नाही, कुणाच्या जास्त नाही."

"तुम्ही सह्या केल्या होत्या! प्रत्येकीनं आपलं आपलं पाकीट घ्यायचं म्हणून!"

"घेतलंच की आपलं आपलं," शेजारच्या मुजावरभाभी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मग एकत्र केलं. आणि कढीपत्ता तर आहे त्रिशला, त्यानं काय होतंय? आमटीत रोज घालतोच."

मला राग आला की मी वकिलासारखी बोलते, असं माझा नवरा म्हणतो. बोलले. "नुसता कढीपत्ता आहे ना? मग आमटी खाऊनच साखर उतरायला हवी होती. आणि हे औषध असेल, तर ते असं पातेल्यात वाटून पितात का? भाभी, तुमच्या हृदयाच्या गोळ्या देता का सगळ्यांना एक एक?"

"पण उतरलीय की साखर!" अक्का गरजली. "माझी उतरली, हिची उतरली. माझ्या तळपायांची आग होत होती, रात्री ओला टॉवेल गुंडाळून झोपत होते मी. ती थांबली. मग तुझं औषध चांगलंच आहे म्हण की!"

"कशावरून? तुम्ही सगळ्या चालायला लागलात, भात कमी केलात, चहात साखर घालायचं सोडलंत. त्यानं उतरली की पाल्यानं उतरली? सांगा. मला कसं कळणार? यंत्राला कसं कळणार?"

मग मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. कढीपत्ता कुणाच्याही मालकीचा नाही, म्हणून एकही मोठी कंपनी या अर्कावर पैसा लावायला तयार नव्हती. सरकारी निधीतून ही एकच चाचणी कशीबशी उभी राहिली होती. सगळ्यांच्या रक्तात अर्क असेल तर खऱ्याखोट्यात फरकच दिसणार नाही, आणि निकाल येईल की औषध निरुपयोगी. फाइल कपाटात बंद. पुन्हा कुणी या पाल्याकडे ढुंकून बघणार नाही.

मुजावरभाभींनी हातातला पेला हळूच खाली ठेवला. अक्काचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"मग कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "उद्यापासून वेगळं वेगळं पितो. झालं गेलं विसरून जा."

होसमनीही जवळजवळ तेच म्हणाले. माणूस वाईट नाही, पण घाबरट. "वाहतुकीत पाकिटांवर परिणाम झाला असावा, असं लिहू. मिरज बाजूला काढतील. कुणाला त्रास नाही."

"सर, मिरज बाजूला काढली तर उरलेली माणसं पुरतात का?"

"नाही पुरत," ते कबूल झाले. "निकाल अर्धवट राहील."

"आणि हे खोटं आहे त्याचं काय?"

ते चष्मा पुसत बसले. मी त्यांच्या खोलीतून उठले, माझ्या टेबलावर गेले आणि पातेल्यासकट सगळं पुण्याला लिहून टाकलं. घरी भरतेशला सांगितलं. भरतेश म्हणजे माझा नवरा, अक्काचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "माझ्या बहिणीचं औषध तू बंद करणार." मी म्हटलं, "हो, आत्ता तरी." त्या दिवशी आमच्या घरात जेवणं झाली, पण बोलणं झालं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तरी मी लिहिलेला एक शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

पुण्याहून उत्तर आलं. पाकिटं परत घ्या, मध्ये काही आठवडे जाऊ द्या, म्हणजे अंगातला अर्क निघून जाईल. मग याच बायका पुन्हा पहिल्यापासून, नियमानं, करायला तयार असतील तर मिरज चालू ठेवू. नाहीतर सगळी चाचणीच आटोपती घ्यावी लागेल.

पाकिटं गोळा करायला मी गेले तेव्हा अक्कानं आपला गठ्ठा माझ्या पिशवीत टाकला आणि दार लावून घेतलं. एक शब्द नाही. ती बाई गप्प बसली म्हणजे काय समजायचं, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

पण मीही तशीच. चार दिवस गेले आणि मी पुन्हा त्या दाराशी उभी राहिले. दार उघडेना, तर मोठ्यानं म्हटलं, "अक्का, मी हलणार नाही. शेजारीपाजारी बघू देत."

दार उघडलं. "काय आहे?"

"पुन्हा सुरू करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर बाकीच्या म्हणतील."

"पंक्तिप्रपंच करायला माझीच मदत पाहिजे होय?"

"हो, तुमचीच पाहिजे." मी ओट्यावरच बसले. "अक्का, नीट ऐका. या पंगतीत जिच्या पानात काही वाढलेलं नाही ना, तिच्यामुळंच बाकीच्यांच्या पानात काय आहे ते कळतं. तीही चालते, तीही भात कमी खाते, तिलाही वाटतं आपण औषध घेतोय. सगळं तुमच्यासारखंच, फक्त पाला नाही. म्हणून तिच्यात आणि तुमच्यात जो फरक पडेल तो पाल्याचा. ती नसेल तर तुमचं बरं झालेलं अंग कुणाला काही सांगू शकत नाही. जगातला एकही डॉक्टर ते मानणार नाही."

अक्का उंबऱ्यातच उभी होती. तिथूनच म्हणाली, "म्हणजे उपाशी राहील तीच खरी मानकरी म्हण की."

"हो."

"आणि हे तिला कुणी सांगतं?"

"नाही सांगता येत. ती कोण, ते आम्हालाच माहीत नसतं."

"हे काही मला पटत नाही," अक्का म्हणाली. "त्या बाईचं नुकसान होतंय."

"रोजच्या गोळ्या चालूच राहतात. चकतीवर लक्ष ठेवायला पुण्यात वेगळे डॉक्टर आहेत. आकडा फार वर गेला तर ते थांबवतात. आणि जिला सोडायचंय तिनं कधीही सोडावं, कुणी कारण विचारणार नाही. पण नुकसान होणारच नाही असं मी म्हणत नाही, अक्का. खोटं कशाला बोलू? त्या काळात तिला औषध मिळणार नाही, एवढं खरं आहे."

मला वाटलं, आता दार पुन्हा लागणार. पण अक्का बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मग ते खोटं मला दे," ती म्हणाली. "मंडळ मी जमवलं, पातेलं मी चढवलं. बाकीच्यांना खरं दे."

"असं मागून मिळत नाही. चिठ्ठी यंत्र काढतं."

"मेलं ते यंत्र," अक्का म्हणाली. "काढू दे त्याला."

त्याच संध्याकाळी तिनं मंडळ बोलावलं. कुणी विचारलं, कुणी कुरकुरलं. अक्कानं सगळ्यांना गाडीतल्या आवाजात सुनावलं. "ज्याचं तिकीट त्याचं. आपापल्या घरी प्यायचं, दार लावून. कुणी कुणाला घोटभर दिलं असं मला कळलं, तर मंडळातनं नाव काढीन. आणि जिला जमणार नाही तिनं आत्ताच उतरावं."

एकही बाई उतरली नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. मी आठवड्यातून एकदा कॉलनीत जात होते, वजन आणि रक्तदाब घ्यायला. मुजावरभाभींमध्ये फरक दिसायला लागला. जिन्यावर धापा टाकणारी बाई भराभर चढायला लागली. "त्रिशला, माझं पाकीट खरंच असणार बघ," त्या कानात सांगायच्या, आणि मी सांगायची की भाभी, मला काही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

"आणि तुमचं कसं चाललंय, अक्का?" मी विचारायची.

"झकास," अक्का म्हणायची. "मला काय धाड भरलीय?"

मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, अक्कालाही खरंच मिळालं. आवाज तर तोच होता. थोडी चिडचिड वाढली होती, पण अक्का मुळात कधी गोड बोलणारी नव्हतीच. एकदा मी गेले तेव्हा दोघी व्हरांड्यात होत्या. भाभी हळूच म्हणत होत्या, "पद्मा, उद्या माझ्यातलं निम्मं घे की. एक दिवस. कुणाला कळतंय?" अक्का एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. "तुझं तू पी! पुन्हा हे तोंडातनं काढलंस तर याद राख!" भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अक्काचा रागच आला. म्हटलं, इतकं काय तोडून बोलायचं? बिचारी प्रेमानं देत होती.

मग कुलूप उघडायचा दिवस आला.

होसमनींच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पडद्यावर दोन रेघा आल्या. इन्सुलिनची रेघ, खऱ्या पाकिटाची, हळूहळू खाली उतरत गेलेली. म्हणजे पेशी थोडक्या थापेत दार उघडायला लागल्या होत्या. कोलेस्टेरॉलही तसंच. खोट्या पाकिटाची रेघ आधी थोडी खाली आली, ती चालण्यामुळं, आणि मग जाग्यावर राहिली. शेवटी शेवटी तर जराशी वर. दोन्ही रेघांच्या मध्ये सरळ हात घालता येईल एवढी जागा होती. होसमनी खुर्चीतून उठले आणि माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. "चालतंय हो! त्रिशलाबाई, औषध चालतंय!"

"मिरज नसती तर?"

"मिरज नसती तर यातलं काही सिद्ध झालं नसतं."

आता नावं बघायला हरकत नव्हती. मी आधी मुजावरभाभींचं बघितलं. खरं. मग पद्मजा चौगुले.

खोटं.

मी दोनदा वाचलं. मग तिची एकटीची रेघ उघडली. साखर पहिल्या महिन्यापासूनच वर चढायला लागली होती, आणि तो आकडा तिला रोज दिसत होता. खाली पुण्याच्या डॉक्टरांची नोंद होती. त्यांनी तिला दोनदा फोन केला होता, की आकडा मर्यादेच्या आत आहे, पण वर जातोय, तुम्हाला सोडायचं असेल तर सोडा. दोन्ही वेळा उत्तर एकच. सोडणार नाही.

भर दुपारी मी तिच्या घरी गेले. अक्का पलंगावर बसली होती, पाय थंड पाण्याच्या घमेल्यात. मला बघून तिनं ते घमेलं पलंगाखाली सरकवायला घेतलं, पण मी बघितलं होतं.

"निकाल लागला?" तिनं विचारलं.

"लागला. चालतंय औषध."

"सगळ्यांना मिळणार?"

"वर्षभरात मिळेल. दवाखान्यात, स्वस्तात. मंडळातल्या सगळ्यांना उद्यापासूनच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पाय पुसायला लागली.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं."

"माझं अंग मला कळत नाही होय?"

"मग झकास कशाला म्हणत होतात? माझ्याशी तरी बोलायचं!"

"तुझ्याशी बोलले असते तर तू रडत बसली असतीस. भाभीला सांगितलं असतं तर तिनं माझ्या घशात ओतलं असतं. तरी ओतायलाच निघाली होती."

मी खाली फरशीवर बसले. मोबाइलवर तो आलेख उघडला आणि तिच्यापुढं धरला. ही खालची रेघ भाभींसारख्यांची, ही वरची तुमच्यासारख्यांची. हे एवढं अंतर, हेच आमचं सगळं.

अक्कानं चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं. मला रडू आवरत नव्हतं, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. "तुम्ही सोडायला हवं होतं," मी म्हटलं. "तुमच्या पायांची ही अशी आग होत असताना रोज सकाळी उठून ते गवताचं पाणी प्यायलात. कशासाठी, अक्का? सोडायला हवं होतं."

"सोडलं असतं," अक्का त्या वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "तर ही कुणी काढली असती?"